कुंपणावरचा मोगली एरंड

दोस्तांनो, साबण नको, बाजारातली प्लॅस्टिकची नळी नको, तरीही फुगे उडवता येतात, हे ठाऊक आहे का तुम्हांला? आम्ही लहानपणी उडवायचो. शाळेच्या वाटेवर शेतांची कुंपणं लागत. त्या कुंपणांवर एक झाड असायचं. त्याच्या पानाचा लांब देठ अर्धवट मोडायचा, पुरता तोडायचा नाही. मोडलेल्या जागी पाण्यासारखा चीक येतो आणि त्या फटीत त्याचा पातळ पडदा धरतो. त्यावर हळूच फुंकर मारली, की निघालीच फुग्यांची माळ! उन्हात त्यांच्यावर इंद्रधनुष्याचे रंग चमकायचे. ज्याचा फुगा कुंपणापलीकडे जाईल तो जिंकला.

हे झाड म्हणजे मोगली एरंड. तुमच्यापैकी खेड्यात राहणाऱ्यांनी ते हजारदा पाहिलं असेल. शहरातल्यांनीही रेल्वेच्या रुळांशेजारी, पडीक जागेत, एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवाराला लागून पाहिलं असेल. पण नाव विचारलं तर दहांपैकी आठ जण मान हलवतील. पाहिलेलं असणं वेगळं आणि ओळखीचं असणं वेगळं, बरं का! हा फरक मला ह्याच झाडाने शिकवला, आणि तोही दवाखान्यात नेऊन. ती गोष्ट पुढे सांगणारच आहे. आधी झाडाची नीट ओळख करून घेऊ.

हा 'मोगली' कुठला?

नाव ऐकून तुम्हांला जंगलात लांडग्यांबरोबर वाढलेला मोगली आठवला असेल. त्याचा इथे काही संबंध नाही. दिल्लीच्या मोगल बादशहांनीही हे झाड आणलेलं नाही. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पोर्तुगीज खलाशांच्या गलबतांतून ते आफ्रिकेला आणि आशियाला पोचलं. म्हणजे मिरची, पेरू, काजू, अननस ही मंडळी ज्या दूरदेशाहून आपल्याकडे आली, तिकडूनच हाही पाहुणा आला. पाहुणा आला आणि आपल्या कुंपणावर कायमचा बसला!

काही ठिकाणी त्याला चंद्रज्योत किंवा वनएरंड म्हणतात, हिंदीत रतनजोत. शास्त्रीय नाव आहे जट्रोफा कर्कस. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली ते दिलं. 'जट्रोफा' शब्दात दोन ग्रीक शब्द दडले आहेत: एकाचा अर्थ वैद्य आणि दुसऱ्याचा अन्न. पण नावात 'अन्न' आहे म्हणून तोंडात टाकायला जाऊ नका. का, ते कळेलच.

त्याचं घराणं मात्र मोठं आहे. ज्याच्यापासून एरंडेल निघतं तो एरंड त्याच घराण्यातला. रबराचं झाडही त्यातलंच. आणि गंमत म्हणजे, आजीच्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तो टॅपिओकाही ह्याचाच नातेवाईक. ह्या घराण्यातल्या बहुतेकांच्या अंगात चीक असतो, आणि बऱ्याच जणांच्या अंगात विषही. टॅपिओकाचा कंदसुद्धा कच्चा खात नाहीत. त्यावर प्रक्रिया केली, की मगच तो खाण्याजोगा होतो.

खालून वर पाहत चला

झाड ओळखायचं तर नुसतं एकदा पाहून भागत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश पाहावं लागतं.

बुंधा पाहा. माणसाच्या उंचीपासून साधारण तीन-पाच मीटरपर्यंत वाढणारं हे झुडूप. साल गुळगुळीत, राखाडी-हिरवट. जुन्या बुंध्यावर ती पातळ कागदासारखी सुटते. लाकूड इतकं मऊ, की सरपणालाही धड उपयोगी नाही. फांदीवर खरचटलं की चीक येतो. तो आधी पाण्यासारखा दिसतो, पण कपड्यावर पडून वाळला की तपकिरी डाग पडतो आणि आईचे बोलणे खावे लागतात. डाग जात नाही!

आता पान. तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं, लांब देठाचं. आकार बदामाचा, कडेला तीन ते पाच उथळ कोपरे. कड साधी, दाते नसलेली. इथेच साध्या एरंडाशी गल्लत होते. म्हणून दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहा. साध्या एरंडाचं पान खोल चिरलेलं असतं, पसरलेल्या बोटांसारखं. बोटं सात, आठ, कधी जास्तही. आणि कडेला करवतीसारखे दाते. शिवाय त्याचा देठ पानाच्या पोटाला, छत्रीच्या दांड्यासारखा खालून जोडलेला असतो. मोगली एरंडाचा देठ पानाच्या बुडाशी, बदामाच्या खाचेत जोडलेला असतो. एवढी एक खूण ध्यानात ठेवलीत तरी तुम्ही पास!

फुलं लहान, पिवळट हिरवी, झुपक्यात. मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसायची नाहीत. एकाच झुपक्यात नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. नरफुलं पुष्कळ, मादीफुलं थोडी. पावसाळ्यात फुलं येतात आणि त्यानंतर फळं धरतात.

फळ सुपारीहून थोडं मोठं, गुळगुळीत. साध्या एरंडाच्या बोंडावर मऊ काटे असतात, ह्याच्यावर नसतात. आधी हिरवं, मग पिवळं, शेवटी काळपट आणि कोरडं. फोडलं तर आत बहुधा तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. बी लांबट, काळी, सुमारे दोन सेंटिमीटरची. साध्या एरंडाची बी चकचकीत आणि नक्षीदार ठिपक्यांची असते, ही मात्र काळी आणि खरखरीत. तिच्या आत पांढरा गर असतो. शेंगदाण्यासारखा दिसणारा. हा गर लक्षात ठेवा, आपली गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

पाणी आटलं, की मोगली एरंड पानं गाळून मोकळा होतो. उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उभ्या दिसतात. नवखा माणूस म्हणेल, झाड मेलं. पण पाऊस जवळ आला, की त्याच काटक्यांवर कोवळी पानं फुटतात.

बिनपगारी राखणदार

शेतकऱ्यांनी ह्यालाच कुंपणावर का लावलं? कारण सोपं आहे. गाय, म्हैस तर राहू द्या, पण ज्या शेळीबद्दल म्हणतात की ती पाला म्हणून काही सोडत नाही, तीसुद्धा ह्याला सहसा तोंड लावत नाही. शिवाय रोप तयार करायचा खटाटोप नाही. पावसाळ्याच्या तोंडावर हातभर लांबीच्या जाड काठ्या तोडायच्या आणि बांधावर जवळजवळ रोवायच्या. बस्स! काठीला मुळं फुटतात, पानं येतात आणि वर्षा-दोन वर्षांत जिवंत भिंत उभी राहते. तारेचं कुंपण गंजतं, लाकडी खांबाला वाळवी लागते. हे कुंपण मात्र वर्षानुवर्षं आपोआप वाढतं. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातही अशाच कुंपणांच्या आड भाजीचे मळे राखले जातात. कुठलं माली आणि कुठलं आपलं माण-खटाव, पण शेळीपुढे सगळे शेतकरी सारखेच!

बियांतला उजेड

बियांच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेल असतं. खायला नालायक, पण जाळायला उत्तम. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर पोर्तुगीजांनी एकोणिसाव्या शतकात ह्याची मुद्दाम लागवड केली. तिथल्या बिया जहाजांत भरून लिस्बनला जात. त्या तेलावर दिवे जळत आणि साबणही बनत असे. मालीतल्या बायका आजही ह्या तेलाचा साबण करतात. तेल काढून उरलेली पेंड गुरांना घालता येत नाही, पण शेताला खत म्हणून ती चांगली. चंद्रज्योत, रतनजोत ह्या नावांत 'ज्योत' आहे, ती उगाच नव्हे.

चिकाचेही उपयोग आहेत. जखमेतून रक्त येत असेल तर तो लावायची पद्धत अनेक देशांत आहे. नायजेरियातल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली हे तपासून पाहिलं. त्यांना आढळलं, की चीक जसाच्या तसा असेल तर रक्त लवकर गोठतं. पण तोच पाण्यात खूप पातळ केला तर उलट परिणाम होतो! म्हणजे औषध कोणतं, एवढंच माहीत असून चालत नाही. किती आणि कसं, हेही कळावं लागतं. तेव्हा गुडघा फुटला तर साध्या पाण्याने धुवा आणि मोठ्यांना दाखवा. झाडावर प्रयोग नकोत.

आणि तो विमानात बसला!

तेलाच्या ह्या गुणामुळे कुंपणावरच्या पाहुण्याचे एकदम भाव वधारले. ३० डिसेंबर २००८ रोजी एअर न्यूझीलंडच्या एका बोइंग ७४७ विमानाने ऑकलंडहून चाचणी उड्डाण केलं. त्याच्या चारांपैकी एका इंजिनात निम्मं नेहमीचं इंधन आणि निम्मं मोगली एरंडापासून केलेलं इंधन होतं. विमान सुखरूप उतरलं. आपल्याकडे २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं एक विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं, तेही असंच मिश्र इंधन वापरून. ते इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत तयार झालं होतं.

मग आज रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या ह्याच तेलावर का चालत नाहीत? त्यात एक धडा आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने देशभर पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून डिझेलमध्ये त्याचं तेल मिसळायची मोठी योजना मांडली. ठिकठिकाणी लागवड झाली. सगळ्यांचा हिशेब एकच: हे झाड माळावर, खडकाळ जमिनीत, बिनपाण्याचं जगतं. जगतं हे खरंच होतं. पण जगणं वेगळं आणि भरभरून फळणं वेगळं! बियांचं चांगलं पीक हवं तर त्यालाही पाणी लागतं, खत लागतं. शिवाय सगळी फळं एकाच वेळी पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा वेचणी करावी लागते आणि मजुरी अंगावर येते. गहू-ज्वारीसारखं हजारो वर्षं निवडून सुधारलेलं हे पीक नव्हे, जवळजवळ रानटीच झाड. कित्येक शेतकऱ्यांचा हिरमोड झाला. झाड खोटं नव्हतं. त्याची ओळख अर्धवट होती.

अर्धवट ओळखीवरून आठवलं. आता माझी गोष्ट.

आम्ही खाल्लेले 'बदाम'

मी तेव्हा पाचवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडे आजोळी गेलो होतो. आम्ही सहा मावस-मामेभावंडं. दुपारी मोठी माणसं लवंडली, की आमची फौज ओढ्याकडे. त्या दिवशी फुगे उडवून झाले आणि एकाने वाळलेलं फळ फोडून आतली बी दगडाने ठेचली. पांढरा गर निघाला. "अरे, हे तर जंगली बदाम!" तो म्हणाला. एकाने चाखून पाहिला. गोडसर, थेट शेंगदाण्यासारखा. मग काय! कुणी दोन खाल्ल्या, कुणी पाच. मी चार खाल्ल्या. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा. त्यालाही आम्हीच ठेचून दिल्या.

घरी येईपर्यंत माझ्या घशात आग व्हायला लागली. पोटात पीळ पडला आणि उलट्या सुरू झाल्या. एकामागून एक आम्ही ओसरीवर आडवे. मामा धावत आले. "काय खाल्लंसा रं?" आम्ही गप्प. मार बसेल ही भीती पोटातल्या कळेपेक्षा मोठी होती. शेवटी मामांनी शेजारची जीप आणली आणि आम्हांला आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तेव्हा कुठे माझ्या मावसभावाने खिशातून एक काळी बी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून पाहिली. "मोगली एरंड. कितीजणांनी खाल्लं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दवाखान्यात आम्ही पाच होतो.

मामा उलट पावली घरी गेले. धाकटा सापडेना. आजीने सगळं घर पालथं घातलं. अखेर तो कणगीच्या मागे सापडला, गुडघे पोटाशी घेऊन, उलट्यांनी माखलेला आणि पार गळून गेलेला. "मला मारू नका," एवढंच म्हणत होता. त्याला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. आम्ही पाचही जण दुसऱ्या दिवशी हिंडू-फिरू लागलो होतो. तो मात्र खाटेवर पडून होता. त्या खाटेकडे पाहताना जे वाटलं, ते आजही विसरलेलो नाही. बी झाडाची होती, पण गप्प आम्ही बसलो होतो.

गोड चवीत दडलेलं विष

ह्या बियांत कर्सिन नावाचं विषारी प्रथिन असतं. त्याहून जास्त त्रास देणारी फॉर्बोल एस्टर नावाची द्रव्यं असतात. ती तोंडाला, घशाला, आतड्याला जाळतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी निघून जातं आणि लहान मूल पाहता पाहता कोमेजतं. फसवी गोष्ट अशी, की चव कडू नसते. कडू असती तर कुणी दुसरी बी खाल्लीच नसती. भाजली की विष जातं, हाही गैरसमज. फॉर्बोल एस्टर भाजून जात नाहीत. तेलातही ती उतरतात. म्हणून हे तेल एरंडेल समजून कधीही पोटात घेऊ नये.

मेक्सिकोत काही भागांत ह्याच झाडाचा बिनविषारी प्रकार आहे. तिथले लोक त्याच्या बिया भाजून खातात. पण विषारी आणि बिनविषारी झाड दिसायला अगदी सारखं. आपल्या कुंपणावरचं विषारीच समजायचं.

मुलांनी ह्या बिया खाल्ल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आजही मधूनमधून येतात. एकाने चाखलं, की सगळा वर्ग चाखतो. तेव्हा हे पाठ करून ठेवा.

कुणी बी खाल्ली तर ताबडतोब मोठ्या माणसाला सांगा. त्रास होत नसला तरी सांगा, कारण त्रास काही वेळाने सुरू होतो. कितीजणांनी खाल्ली ते मोजून सांगा. कुणी लपला असेल तर त्याला शोधा. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणि जाताना बी किंवा फळ कागदात गुंडाळून बरोबर न्या. डॉक्टरांना ओळख पटली, की अर्धं काम झालं. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलं लवकर बरी होतात.

आणि आई-बाबांसाठी दोन शब्द. अशा वेळी पहिला प्रश्न "का खाल्लंस?" असा विचारू नका. "किती खाल्लंस आणि आणखी कुणी?" असा विचारा. रागवायला पुढे आयुष्य पडलं आहे.

करून पाहा

मग काय, कुंपणावरचे सगळे मोगली एरंड तोडून टाकायचे? मुळीच नाही. तो बिचारा शेताची राखण करतो. शाळेच्या मैदानाला किंवा अंगणवाडीला लागून असेल, तर तिथलं काय करायचं ते मोठ्यांनी ठरवावं. आपण आपलं काम करू.

येत्या रविवारी एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. कुठे कुठे मोगली एरंड आहे, तिथे खूण करा. त्याचं एक पान आणि साध्या एरंडाचं एक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि वहीत शेजारी शेजारी चिकटवा. देठ कुठे जोडला आहे, ते बाणाने दाखवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. फुगे उडवायचेच असतील तर देठाला ओठ लावू नका, लांबून फुंकर मारा.

वही तयार झाली, की ती आधी पहिली-दुसरीतल्या मुलांना दाखवा. "हे बदाम नाहीत," असं त्यांना सांगा. आणि हेही सांगा, की चुकून खाल्लंच तर लपायचं नाही. आमच्या धाकट्याला हे त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

तो आता मोठा झाला आहे आणि स्वतः शेती करतो. त्याच्या बांधावर आजही मोगली एरंडाचंच कुंपण आहे. पण शेतावर येणाऱ्या प्रत्येक पोराला तो आधी त्या झाडापाशी नेतो, पान हातात देतो आणि विचारतो, "ह्याचं नाव सांग बघू?"